प्लेगात कोण गेलं?

बसाप्पा अण्णा शेटे पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा मी त्यांना पाणी विचारायच्या आधी वंशावळ दाखवली. सोप्यातच टांगली होती, सोनेरी चौकटीत. वंशावळी काढून देणाऱ्या एका गृहस्थाकडून मी ती मुद्दाम करवून घेतली होती. वर दोन तलवारी, त्यांच्यामध्ये सूर्य, सूर्यापासून फांद्या फुटत फुटत अगदी बुडाला मी, बँकेतला ऑफिसर. मधल्या एका फांदीवर ठळक अक्षरात 'सरदार हैबतराव साळोखे'. हे माझे पणजोबा. ते सरदार होते हे मला चौकट आल्यावरच कळलं. पण कळल्यापासून मी बँकेतसुद्धा जरा छाती काढून बसायला लागलो होतो.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला टेकेल इतकं जवळ नेलं आणि खालून वर सगळं वाचलं. मग म्हणाले, "हैबतरावांच्या मंडळींचं नाव काय हो?"

"मंडळी?"

"बायको. तुमची पणजी."

मला सूर्यापर्यंतचे सगळे बाप पाठ होते. पणजीचं नाव माहीत नव्हतं.

"असू दे," अण्णा म्हणाले. "तुमच्यात प्लेगात कोण गेलं?"

सरदारांची चौकट बघायला आलेल्या माणसानं प्लेगाची चौकशी करावी, याचा मला रागच आला. "आमच्यात कोणी गेलं नाही," मी म्हणालो. जसं काही आमच्या घराण्याला प्लेग परवानगी विचारून शिवायचा.

अण्णा कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या एका जुन्या शाळेत कारकून होते. नव्वदच्या सुमारास निवृत्त झाले. बायको आधीच गेली होती, मुलगा शिवानंद मुरगुडात वडिलार्जित वाण्याचं दुकान बघायचा. लिंगायत घर, निम्मं बोलणं कानडी. अण्णांच्या शर्टाच्या आत लिंगाची चांदीची डबी असायची, बाहेरच्या खिशात अडकित्ता आणि सुपारी. निवृत्तीनंतर त्यांनी मुरगुडात जाऊन दुकानाच्या गादीवर बसावं, तर ते आमच्या बोळातली भाड्याची खोली सोडायला तयार नव्हते. "तुम्ही मूळचे मुरगूडचे ना?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ऱ्हायला मुरगूडचा." तेव्हा मला ते बोलायची लकब वाटायची.

त्यांना जुने कागद वाचता यायचे, मोडीसुद्धा. त्या वर्षांत जातीच्या दाखल्यांसाठी लोकांची पळापळ सुरू झाली होती. आज्याची नाहीतर पणज्याची शाळेतली नोंद आणा, असं सांगून सरकारी खिडकी बंद व्हायची, आणि माणूस थेट अण्णांच्या खोलीवर यायचा. अण्णा कुणाकडून पैसा घ्यायचे नाहीत. अर्धा कप चहा, आणि एक प्रश्न: तुमच्यात प्लेगात कोण गेलं? लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला नाद आहे. मलाही तेच वाटायचं, फक्त मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

त्यांची वाचायची तऱ्हा उलटी होती. शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं की आपण नाव शोधतो. अण्णा आधी शेवटचा रकाना वाचायचे, शेऱ्याचा. 'गुरे राखण्यास गेला.' 'लग्न झाले.' 'मास्तरांस दगड मारून पळाला.' मी एकदा म्हणालो, "अण्णा, आधी नाव बघा की." तर म्हणाले, "नाव आई-बाप घालत्यात. जन्मतारीख मास्तर अंदाजानं घालतोय. शेरा तेवढा खरा घडल्याला असतोय."

दुसरं म्हणजे पेन्सिल. त्यांच्याकडं निळ्या कव्हराची एक जाड वही होती, तिच्यात लोकांची घराणी काढलेली. सगळी पेन्सिलीत. दोन वेगवेगळ्या कागदांवर माणूस सापडल्याशिवाय ते त्याच्यावर शाई फिरवायचे नाहीत. माझ्या चौकटीतला सूर्यापासूनचा सगळा मजकूर सोनेरी शाईत होता हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीच आपला मनातून वरमायचो, आणि वरमलो की जास्त जोरात सरदारांबद्दल बोलायचो.

आणि तिसरं, पावणं. रस्त्यात, दवाखान्यात, दळपाच्या रांगेत, नवा माणूस दिसला की अण्णा विचारणारच: "पावणं, कंच्या गावचं?" त्यांच्याबरोबर भाजीला गेलो तर एक तास मोडायचा. माणूस गाव सांगायचा, अण्णा तिथलं आणखी चार घरांचं विचारायचे, आणि मी पिशवी घेऊन उभा.

पण त्यांची हुशारी मी पहिल्यांदा बघितली ती हौसाबाईच्या वेळी. हौसाबाई आमच्या कोपऱ्यावर भाजी विकायची. तिच्या धाकट्या भावाला कॉलेजात घालायला बापाची शाळेतली नोंद पाहिजे होती. बापाचं नाव दत्तू. शाळेनं दोनदा शोधून सांगितलं होतं, असा मुलगा आमच्याकडे नव्हता. बाई रडकुंडीला आली होती. अण्णांनी तिला एवढंच विचारलं, "तुझ्या बाऽला घरात काय म्हणत हुते?"

"बाळा म्हणत हुते की. दत्तू कोणच न्हाई."

"आणि त्याच्या आज्याचं नाव दत्तू?"

"व्हय. तुम्हांस्नी कसं कळलं?"

अण्णांनी सुपारी कातरली. "शाळेत पोराला घालाय कोण येतंय? आई. पोराला नाव दिलंय आज्याचं, म्हंजे तिच्या सासऱ्याचं. ती सासऱ्याचं नाव तोंडानं घेती व्हय? मास्तरांनी नाव विचारलं की ती सांगणार, बाळा. मास्तर लिवणार, बाळा."

तासाभरात रजिस्टरात बाळा सापडला. शेरा होता: 'उजव्या पायास सहा बोटे.' हौसाबाई रडता रडता हसायला लागली. तिच्या बापाला खरंच सहा बोटं होती, म्हणे चप्पल मिळायची नाही.

"म्हंजे बघा," जाताना अण्णा मला म्हणाले, "ज्या पोराला नुसतं बाळा, आबा, आप्पा म्हणत्यात, त्याच्या अंगावर आज्याचं नाव असतंय. आणि मागं एक आई असती, नाव न घेणारी. तुम्ही बी त्यातलेच न्हवं? कागदावर काय हाय तुमचं?"

मी खरं म्हणजे हे कुणाला सांगत नसे. पेठेत मी आबा आणि बँकेत एस. आर. साळोखे. त्या 'एस'च्या मागं 'सुभाना' आहे. आजोबांचं नाव, ते गेले आणि वर्षानं मी झालो, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. शर्ट-पँट घालून फिरणाऱ्या माणसाला सुभाना म्हटलं की लोक त्याच्या मागं बैल शोधतात. म्हणून मी सहीसुद्धा अशी करायचो की ब्रह्मदेवाला वाचता येऊ नये.

"सुभाना," अण्णा हळू म्हणाले. "झ्याक नाव हाय की. लाजता कशाला?"

त्याच दिवशी त्यांनी मला त्यांच्या खोलीवर नेऊन एक कागद दाखवला. मुरगूडच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या एका ओळीची नक्कल होती. मुलाचे नाव: आबा. बापाचे नाव: रिकामं. पालक: मलकाप्पा शेटे, व्यापारी. शेवटी शेरा: 'मूळ गाव मुलास सांगता येत नाही.'

"हे माझं अज्जा," अण्णा म्हणाले. अज्जा म्हणजे आजोबा. "वाणी न्हवता तो. मलकाप्पा गाड्या घिऊन कोल्हापूरला आल्ता. प्लेग सुरू, गावं उठून माळावर गेलेली. एका खोपटाच्या बाहीर हे पाच-सा वर्सांचं पोर बसल्यालं. आत आई मेल्याली. बाप आधीच गेल्याला. मलकाप्पानं विचारलं, कुणाचा रं तू? तर म्हणालं, आबा. कंच्या गावचा? तर म्हणालं, घरचा. गाडीत घातला आणि नेला. लिंग बांधलं, दुकान दिलं, लगीन लावलं. ऐंशी वर्सं जगला अज्जा. पर मरस्तवर दुकानाच्या पायरीवर बसून हरेक नव्या गिऱ्हाइकाला विचारायचा, पावणं, कंच्या गावचं? आम्ही लहानपणी हसायचो. मला लई उशिरा कळलं, तो काय हुडकत हुता."

"मग?"

"मग काय. मला त्याचं घर पायजे. त्याला काय नाव ठिवलं हुतं त्येवढं तरी पायजे. त्याची आई त्याला आबा म्हणत हुती म्हंजे त्याच्या अंगावर आज्याचं नाव हुतं. बिननावाचा न्हवता तो. डोळं मिटायच्या आत मला ते नाव पायजे."

एवढं सांगून अण्णांनी कागदाची घडी घातली. आता मी काय म्हणावं? मी म्हणालो, "वा. आणि आमच्या हैबतरावांचं कसं काय करूया?"

आज हे लिहिताना कान गरम होतात. पण म्हणालो खरा.

अण्णांनी माझं काम मात्र मनावर घेतलं. मी जुन्या कचेरीत अर्ज टाकले, अण्णांनी मोडी वाचायचं कबूल केलं. चार खेपा झाल्या. सरदार काही निघाला नाही. एका कागदात हैबतराव निघाले, पण ते 'हैबती' म्हणून, आणि दुसऱ्याची म्हैस आपल्या रानात बांधून घेतल्याबद्दल दंड झालेले. "मोठ्या लोकांना शत्रू असतातच," मी म्हणालो. अण्णांनी तोंडावर रुमाल धरला.

पाचव्या खेपेला वारसाची एक नोंद सापडली, पेठेबाहेरच्या आमच्या रानाची. अण्णा बोट फिरवत मोठ्यानं वाचत होते, ते मध्येच थांबले. मग एकेक शब्द सुटा करून वाचलं: "वडील भाऊ राणोजी, व राणोजीची बायको, व राणोजीचा मुलगा सुभाना, प्लेगाने मयत. सबब धाकटा भाऊ हैबती याचे नाव दाखल."

अण्णांना घेऊन घरी आलो आणि हे सगळं घराण्याच्या मोठ्या तक्त्यावर मांडायला बसलो. सुभाना? सुभाना तर माझे आजोबा, हैबतीचे चिरंजीव. ते माझ्या जन्माच्या आदल्या वर्षापर्यंत धडधाकट होते, पोरपणी प्लेगात कसे मरतील? आणि बाप म्हणून राणोजी कोण घुसडला? कारकुनाची चूक, दुसरं काय. मी लाल पेन घेतलं आणि त्या पोरावर काट मारली.

"खोडू नगा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पेन्सिलीत ऱ्हाऊ दे."

"अण्णा, एका घरात एकाच नावाची दोन माणसं कशी असतील?"

कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसानं हे विचारावं. एका आज्याचं नाव दोन भावांच्या दोन पोरांना, हे आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात होतं. थोरल्याचा सुभाना वेगळा, धाकट्याचा वेगळा. पण माझं सगळं लक्ष सरदाराकडं. मी त्या काटेवर आणखी एक काट मारली, म्हणजे शंका नको.

त्या दिवसापासून अण्णा आमच्याकडं रोज सकाळी येऊ लागले. अर्धा कप चहा, थोडा वेळ आईशी गप्पा, माझ्याकडं जरा बघत बसणं. मी बायकोला म्हणायचो, "माझ्या बोलण्याची गोडी लागलीय म्हाताऱ्याला." अशी दहा-अकरा वर्षं गेली.

मग अमेरिकेतल्या माझ्या भाच्यानं फोनवर डीएनएचं सांगितलं. "मामा, बापाकडून मुलाला आणि मुलाकडून त्याच्या मुलाला एक धागा जवळजवळ जसाच्या तसा येतो. दोन पुरुषांचे धागे जुळले, की मागं कुठंतरी त्यांचा बाप एक." त्यानं पाठवलेल्या पाकिटातल्या कांडीनं गालाच्या आतून पुसायचं आणि परत पाठवायचं. मी दोन पाकिटं मागवली. एक मला, दुसरं आमच्याच आडनावाच्या एका खऱ्या सरदार घराण्यासाठी. ते कोडोलीच्या पुढं एका गावात राहतात. गावाचं नाव सांगत नाही, माझी तिथं पुरेशी शोभा झाली आहे.

अण्णांना बरोबर घेऊन गेलो. दिवाणखान्यात बसवलं, चहा-पोहे झाले. मग मी पिशवीतून ती कांडी काढली आणि वडीलधाऱ्या सरदारांना तोंड उघडायची विनंती केली.

त्यांनी आधी कांडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पावणं म्हणून बसवलं," ते म्हणाले, "तर थुंकी मागाय आलाय व्हय तुम्ही?"

मी शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी गड्याला हाक मारली आणि आम्हांला रस्त्यापर्यंत पोचवायला सांगितलं. गडी एसटी येईपर्यंत उभा राहिला, आम्ही परत फिरू नये म्हणून. अण्णा मैलाच्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांना इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मलाही हसू आलं, पण घरी गेल्यावर, दोन दिवसांनी.

दुसरं पाकीट तसंच फळीवर पडलं. एका सकाळी चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "त्या दुसऱ्याचं काय करणार हाय तुम्ही?"

"काय करायचंय. तुम्हांला पाहिजे?" मी अशा थाटात म्हणालो की जणू जुना शर्ट देतोय.

तासभर आधी तोंडात काही नको असं पाकिटावर लिहिलं होतं. अण्णांनी आदल्या दिवसापासून सुपारी सोडली. सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, आमच्या सोप्यात चौकटीखाली बसून त्यांनी गाल पुसला. पाकीट बंद करून दोनदा पुन्हा उघडून बघितलं. मला वाटलं, सुपारी नाही म्हणून.

दोन-अडीच महिन्यांनी बँकेत भाच्याचा मेल आला. माझ्या धाग्याशी जुळणारा सगळ्या यादीत जवळचा एकच माणूस होता: बी. शेटे. खाली भाच्यानं लिहिलं होतं, 'मामा, फार फार तर चार-पाच पिढ्या मागं तुमचा बाप एक आहे. हे शेटे कोण?'

मी कपाळावर हात मारला. दोन्ही पाकिटांत मीच माझी थुंकी घातली असणार, नाहीतर तिथल्या लोकांनी घोळ घातला असणार. भाच्याला तसं खरमरीत उत्तर लिहिलं, आणि संध्याकाळी हसत हसत अण्णांच्या खोलीवर गेलो. "अण्णा, ऐका गंमत. अमेरिकेच्या हिशेबानं तुम्ही आणि मी भाऊबंद."

अण्णा हसले नाहीत. उठले, ट्रंक उघडली, निळी वही काढली. अगदी शेवटच्या पानावर सात आडनावं लिहिली होती, सगळी पेन्सिलीत. प्लेगात ज्यांचं पोर गेलं म्हणून कागदात होतं, पण पोर पुरल्याचं घरात कुणालाच आठवत नव्हतं, अशी सात घरं. इतकी वर्षं अर्ध्या कपावर त्यांनी एवढं जमवलं होतं. पाचवं नाव साळोखे. त्याच्याखाली बारीक अक्षरात: 'नातवास आबा म्हणतात.'

"तुमचा तो तक्ता आणा," ते म्हणाले. "आणि त्यातलं खोडल्यालं दावा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कारकुनाची चूक म्हणून ज्या पोराला मी लाल पेनानं काट मारली, ते पोर मुरगुडात दुकानाच्या पायरीवर बसून जन्मभर आमच्या घराची चौकशी करत होतं. माझ्या पणज्यानं त्याला एकदा कागदावर मारलं आणि मी दुसऱ्यांदा. पणज्याला निदान प्लेगाचं निमित्त होतं.

"अण्णा, हैबतीनं पोर जिवंत सोडलं आणि मेलं म्हणून लिहून दिलं," मी म्हणालो. मला लाज वाटत होती आणि ती लपवायला जागा नव्हती.

"प्लेग हुता," अण्णा म्हणाले. "पळणारा मागं बघत न्हाई." मग अडकित्ता उघडला आणि सुपारी न कातरताच मिटला. "पर प्लेग सरल्यावर यून बघायचं हुतं. येवढं मातर बघायचं हुतं त्यानं."

दुसऱ्या दिवशी ते घरी आले, आईकडं. आई तेव्हा ऐंशीच्या पुढची. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल. आई म्हणाली, "ते पोराचं पान न्हवं का?"

"कसलं पान?"

"म्हाळाच्या दिवशी सगळ्या पितरांची पानं वाढून झाली की एक ल्हान पान जास्तीचं वाढतो की मी. सासूबाईंनी सांगितल्यालं. त्यांस्नी त्यांच्या सासूनं. मामंजींच्या आधी त्यांच्याच नावाचं एक पोर हुतं घरात, त्याचं."

"मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? मामंजींचं नाव मी कुठं घेतो?"

म्हणजे नाव घ्यायचं नाही म्हणून गोष्टच सांगितली नव्हती. मी वंशावळीसाठी कचेऱ्या पालथ्या घालत होतो, अमेरिकेला थुंकी पाठवत होतो, आणि माझी आई दरवर्षी माझ्या डोळ्यांदेखत त्या पोराला जेवायला वाढत होती. त्या लहान पानातली खीर लहानपणी मी चोरून खायचो.

अण्णा आईकडं बघत होते. "आक्का," ते म्हणाले, "अज्जा तिकडं मुरगुडात दोन टाईम जेवत हुता, आणि हितं तुम्ही त्याचं पान कावळ्याला घालत हुता." असं म्हणून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. आईनंही पदर डोळ्यांना लावला. मी काय करावं ते न कळून चौकट सरळ करत बसलो.

मग अण्णांनी वही उघडली. "आक्का, कागद हाय, रक्त हाय. पर घरच्या तोंडानं ऐकायचंय मला. काय नाव हुतं त्या पोराचं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन आल्यापासून बासष्ट वर्षांत तिनं ते नाव उच्चारलं नव्हतं. मला हाक मारतानासुद्धा नाही. तिनं देवाकडं हात जोडले, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "सुभाना."

अण्णांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि वहीत पेन्सिलीत लिहिलेल्या त्या नावावरून शाई फिरवली. सावकाश, काना-मात्रेसकट. त्या दिवशी ते आमच्याकडं पोटभर जेवले. आईनं त्यांना माझ्या आधी वाढलं.

मी उत्साहानं म्हणालो, "अण्णा, आता सगळ्यांना सांगूया. पेपरात देऊया." शिवानंद त्यांना कधीपासून म्हणत होता, अण्णा, हे उकरायचं बंद करा, घरात पोरगी लग्नाची आहे. अण्णा म्हणाले, "न्हाई. मला पायजे हुतं ते घावलं. नातीला तरास नगो."

"आणि तुम्ही आता... म्हणजे मूळचे तुम्ही आमच्यातले."

अण्णांनी शर्टावरूनच डबीवर हात ठेवला. "अज्जाला हे बांधताना मलकाप्पानं रक्त तपासलं न्हवतं. उपाशी पोर बघितलं, उचललं. मी शेटेच ऱ्हाणार, आबा. नुसतं कुठनं आलो त्येवढं पायजे हुतं."

म्हणून भाच्याला मी घोळच झाल्याचं पुन्हा कळवलं. त्यानं बिचाऱ्यानं तिकडं भांडण काढलं. पुढं ती नात स्वतःच मला म्हणाली, "काका, आता लिहा." तिला दोन पोरं आहेत. तिच्यासाठी थांबलो होतो, आता थांबायचं कारण नाही. सोनेरी चौकट मी उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा डाग आहे, पाहुणे विचारतात, मी विषय बदलतो.

आईनं ते नाव घेतलं त्यानंतर वर्षभरानं अण्णांनी खोली सोडली. गुडघे गेले होते, आणि आता इथं राहायची गरजही उरली नव्हती. मी त्यांना मुरगूडच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. खिडकीची जागा मिळाली. ट्रंक वर टाकली, वही मात्र त्यांनी मांडीवर घेतली. मी खाली खिडकीशी उभा राहून, पोचल्यावर फोन करा, औषध घ्या, असं काहीबाही बोलत होतो.

त्यांच्या शेजारी एक अनोळखी माणूस येऊन बसला, हातात ऊस-रोपांची पिशवी. मी मनात म्हटलं, आता विचारणार. अण्णा बाहेर बघत, सुपारी चघळत निवांत बसून होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नव्या माणसाला गाव विचारलं नाही.

माणसालाच चैन पडेना. पिशवी पायाशी ठेवत तो म्हणाला, "पावणं, कंच्या गावचं?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. त्या आवाजावर आवाज चढवून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं अण्णा म्हणाले, "ऱ्हायला मुरगूडचा. मूळचा हितलाच."